वजनाच्या ऑपरेशननंतर पाळीच्या आधी लागणारी भूक: तुम्हालाही होतं का असं?

अखाजीचा_झोका

नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यातली. दीडेक वर्षापूर्वी माझं स्लीव्हचं, म्हणजे जठराचा बराचसा भाग काढून टाकायचं ऑपरेशन झालं. त्याआधी पीसीओडी होता, पाळी तीन-चार महिने यायचीच नाही, गोळ्या घेऊन आणावी लागायची. साखर काठावर. ऑपरेशननंतर वजन उतरलं, साखर उतरली, आणि कॉलेजपासून कधी झालं नव्हतं ते झालं: पाळी दर महिन्याला येऊ लागली.

आता मुद्द्याचं. सुरुवातीचे सहा-सात महिने मला भूकच नव्हती. घड्याळ बघून जेवायचे, वाटीभर वरणसुद्धा संपत नसे. पण हल्ली पाळी यायच्या आठवडाभर आधीपासून अशी भूक लागते की रात्री अकराला उठून डबे उघडते. जेवून तास होत नाही तोच पुन्हा. शेव, गूळ-शेंगदाणे, केळीचे वेफर्स, जे हाताला लागेल ते. पाळी सुरू झाली की एक-दोन दिवसांत सगळं शांत होतं, परत वाटीभर वरणात पोट भरतं.

मला वाटलं जठराची पिशवी पुन्हा मोठी झाली. ऑपरेशन जिथे झालं तिथे फोन केला, तर "कंट्रोल ठेवा मॅडम" एवढंच ऐकायला मिळालं. सासूबाई मायेने म्हणतात, "खाई ले वं माय, कितली वाळी गयी." नणंद म्हणते, एवढा पैसा घालवला तो यासाठीच का. आणि पुढे श्रावण आहे, कानबाई देवीच्या प्रसादाचे रोट आहेत, पाळीची तारीख नेमकी त्याच दिवसांत येतेय.

ज्यांचं ऑपरेशन झालंय त्या बायकांनी कृपा करून सांगा. हे कुणाला होतं का? झालं तर काय करता? हे घरात कुणाशी मोकळेपणाने बोलता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

तापीकाठ

होतं. अगदी असंच होतं. माझं बायपास आहे (हृदयाचं नव्हे, वजनाचंच, जठर लहान करून आतड्याला जोडतात ते), सुरतेला केलं, आता तीनेक वर्षं झाली. राहते नंदुरबारकडे.

तुझं वाचताना मला माझंच वाचल्यासारखं वाटलं. एक गोष्ट आज रात्रीच कर. कपाटाच्या दाराला आतून कॅलेंडर लाव. पाळी सुरू झाली की त्या तारखेला लाल टिकली, आणि भूक अनावर वाटली त्या तारखेला निळी. दोन-तीन महिने लिही. माझ्या निळ्या टिकल्या सगळ्या लाल टिकलीच्या आधीच्या आठ-नऊ दिवसांत पडल्या. मी डॉक्टरांना तेच कॅलेंडर नेऊन दाखवलं. तोंडी सांगत होते तेव्हा कुणी ऐकत नव्हतं, कागद पाहिल्यावर ऐकलं.

आणि पिशवी मोठी झाली असती तर ती पाळी आल्यावर दोन दिवसांत परत लहान झाली असती का? तुझ्याच लिहिण्यात उत्तर आहे बघ. महिन्यातून तीन आठवडे वाटीभर वरणात पोट भरतंय, म्हणजे पोट आपलं काम करतंय.

ज्वारीचं_कणीस

मी धुळ्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. ऑपरेशन झालेल्या बायका बऱ्याच येतात. जरा सविस्तर लिहिते.

स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढतात. त्यात वरचा फुगीर भाग जातो, आणि घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक मुख्यतः तिथेच बनतं. हे संप्रेरक १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी शोधलं. ते एकदम घटतं म्हणून सुरुवातीचे महिने भूक नसल्यासारखी वाटते. पण भूक एकट्या घ्रेलिनवर चालत नाही. काही महिन्यांनी, साधारण वर्षाच्या आसपास, बहुतेकांची भूक थोडीफार परत येते. हे ऑपरेशन फसल्याचं लक्षण नाही.

आता पाळीचं. बीज सुटेपर्यंतच्या दिवसांत इस्ट्रोजेन चढत असतं आणि ते भूक दाबतं. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं, शरीर विश्रांतीतही थोडी जास्त ऊर्जा जाळतं, इन्सुलिनचा परिणाम थोडा कमी होतो. पाळीच्या तोंडावर दोन्ही संप्रेरकं खाली येतात, मेंदूतलं सेरोटोनिनही हलतं, आणि मन गोड-पिठूळ मागतं. ज्यांचं कुठलंच ऑपरेशन झालेलं नाही त्या बायकांमध्येही या दिवसांत खाणं वाढतं. बऱ्याच अभ्यासांत हा फरक रोज शंभर-दोनशे कॅलरींचा दिसतो, काहींत जास्तही.

इथे लक्षात घ्या. जी बाई दिवसाला दोन हजार कॅलरी खाते तिला शंभर-दोनशेची वाढ कळतही नाही, एक जास्तीची पोळी आणि झालं. पण जी हजारावर आहे, जिच्या पोटात एका वेळी वाटीभरच मावतं, तिला तीच वाढ दिवसभर टोचत राहते. एका जेवणात भरून काढता येत नाही, म्हणून तासाभराने पुन्हा भूक.

अखाजीचा_झोका, तुमच्या बाबतीत आणखी एक आहे. पीसीओडीत महिनोन्‌महिने बीजच सुटत नव्हतं, म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा हा चढउतारही फारसा होत नव्हता. वजन उतरल्यावर बीज सुटू लागलं. पाळीच्या आधीची भूक तुम्ही आयुष्यात पहिल्यांदाच नीट अनुभवताय, आणि ती नेमकी ऑपरेशननंतर आली म्हणून सगळा दोष ऑपरेशनवर आणि स्वतःवर जातोय. तुमची पाळी सुधारली, त्याचाच हा भाग आहे.

रावेर_एक्सप्रेस

माफ करा, पण पोट कापून घेण्यापेक्षा आधीच खाणं आवरलं असतं तर ही वेळ आली नसती. आमच्या आईने दिवसभर शेतात राबून कधी डाएट केलं नाही, तिला नाही झालं काही.

तापीकाठ

दादा, तुमच्या आईंना नमस्कार. पण या बाईने विचारलंय ते पाळीच्या आधीच्या भुकेबद्दल. ऑपरेशन करावं की नाही हा प्रश्न तिने तिच्या डॉक्टरांसोबत सोडवला आहे. स्थूलपणा हा आजार आहे. त्यात संप्रेरकं आहेत, घराण्याचा वारसा आहे. मी वर्षानुवर्षं पहाटे चालले, उपास केले, प्रत्येक वेळी वजन उतरून दुप्पट चढलं. इथे बायका पहिल्यांदा तोंड उघडतात. त्यांना बोलू द्या.

कढी_फुनके

मी भडगावकडची. माझं स्लीव्ह तिसऱ्या वर्षात आहे. खाण्याचं मी सांगते, कारण आपल्याकडचंच खाऊन हे निभावता येतं. इंटरनेटवर सगळं ग्रीक योगर्ट आणि ॲव्होकाडो, ते चाळीसगावच्या बाजारात कुठे शोधायचं?

माझा आधार म्हणजे फुनके. तुरीची डाळ भिजवून जाडसर वाटायची, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, जिरं घालून मुटके वळायचे आणि वाफवायचे. तेल जवळपास नाहीच. कढी पातळ असते, म्हणून ती फुनक्यांसोबत दोन-तीन चमचेच, नुसती ओलसर करण्यापुरती. तीन फुनके खाल्ले की माझे दोन-तीन तास जातात. निळ्या टिकलीचा आठवडा जवळ आला (तापीकाठ, ही टिकल्यांची पद्धत मी उचलतेय) की रविवारी जास्तीचे वाफवून फ्रिजमध्ये ठेवते. रात्री अकराला डबा उघडायचाच असेल तर त्या डब्यात फुनके असावेत.

दुसरं, भाकरी आधी नाही. आधी अंडं, डाळ, पनीर, मटकी, चिकन, जे असेल ते. मग भाजी. मग जागा राहिली तर कळण्याची भाकरी, चतकोर. कळण्यात ज्वारीसोबत उडीद असतात म्हणून मला ती साध्या ज्वारीच्या भाकरीपेक्षा बरी पडते. पण आधी भाकरी खाल्ली तर डाळीला जागाच राहत नाही, आणि तासाभराने पोट पुन्हा ओरडतं.

शेंगदाण्यांचं सांभाळून. मूठभर शेंगदाण्यांत सातेक ग्रॅम प्रथिनं असतात, पण दीडशेच्या वर कॅलरीही असतात, आणि गप्पा मारता मारता तीन मुठी कधी जातात कळत नाही. वाटीत काढून घ्या, डबा बंद करा, मग बसा.

शेव आणि वेफर्स मात्र मी त्या आठवड्यात घरात आणतच नाही. ते तोंडात विरघळतात, पोटात जागा धरत नाहीत, स्लीव्हमधून सरसर खाली जातात. पोट भरल्याची खूण येतच नाही. शेवभाजी खायचीच असेल तर महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात खाते, तेव्हा चार घासांत समाधान होतं.

आणि भूक खरी की मनाची हे ओळखायला मी स्वतःला विचारते: आत्ता समोर नुसती उकडलेली मटकी ठेवली तर खाशील का? खाईन असं उत्तर आलं तर भूक खरी, मग खाते, अजिबात अपराधी वाटून घेत नाही. फक्त वेफर्सच हवे असतील तर अंगणात जाऊन येते, कुणाला फोन करते. मनाची भूक खोटी असते असं मी म्हणत नाही. तिला पोट भरून उत्तर मिळत नाही एवढंच.

ज्वारीचं_कणीस

कढी_फुनके यांनी फार चांगलं लिहिलंय. थोडी भर घालते. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हे बहुतेकांचं लक्ष्य असतं. एका अंड्यात सहा ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात. म्हणजे नुसत्या वरणावर हे गणित जमत नाही. भुकेच्या आठवड्यात तीन जेवणांऐवजी पाच-सहा छोटी खाणी ठरवून घ्या, वेळेसकट. ठरवलेलं खाणं म्हणजे पथ्य मोडणं नव्हे.

आणि पाणी. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि ऑपरेशननंतर एका दमात पेलाभर पाणी पिता येत नाही. दिवसभर पाणी राहून जातं, आणि संध्याकाळी ती तहान भुकेसारखी वाटते. बाटली जवळ ठेवा, घोट घोट पीत राहा. जेवताना मात्र नाही, आणि जेवणानंतर अर्धा तासही नाही. उसाचा रस आणि बाटलीबंद थंडपेयं तर नाहीच.

अखाजीचा_झोका

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू. रात्री वाचताना रडले, आणि सकाळी उठून कॅलेंडर लावलं.

दोन गोष्टी आधी लिहायला संकोच वाटला होता. एक म्हणजे गूळ-शेंगदाणे किंवा गोड काही खाल्लं की दीड-दोन तासांनी घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते आणि पुन्हा भयंकर भूक लागते. दुसरं, मला फ्रिजमधला बर्फ चावून खावासा वाटतो. रोज. आणि तांदूळ निवडताना कच्चे दाणे तोंडात जातात. पाळीत रक्तस्रावही आता पूर्वीपेक्षा जास्त होतो. हे सगळं त्या भुकेतच धरायचं का?

ज्वारीचं_कणीस

नाही! आणि तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

पहिली गोष्ट उशिरा येणारं डंपिंग वाटते. गोड पटकन आतड्यात उतरतं, रक्तातली साखर झपकन चढते, इन्सुलिन जास्त सुटतं आणि एक ते तीन तासांनी साखर गरजेपेक्षा खाली येते. घाम, थरथर, धडधड, भूक, ही तिची लक्षणं. बायपासमध्ये हे जास्त दिसतं, पण स्लीव्हमध्येही होतं. त्या भुकेला पुन्हा गूळ दिला की चक्र सुरूच राहतं. पाळीच्या आधी गोड जास्त खाल्लं जातं म्हणून हे त्याच आठवड्यात दिसतं, पण कारण वेगळं आहे. घरी ग्लुकोमीटर असेल तर त्या क्षणी साखर मोजून लिहून ठेवा. साखर खरंच खूप खाली असेल, गरगरत असेल, तर आधी थोडी साखर घ्यावीच लागते, त्यानंतर लगेच प्रथिनांचं काहीतरी. आणि डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवा. चक्कर येऊन पडलात किंवा शुद्ध हरपली तर थांबू नका, लगेच दवाखान्यात.

दुसरी गोष्ट, बर्फ आणि कच्चे तांदूळ. माती, खडू, बर्फ, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं ही लोह कमी असल्याची जुनी ओळखीची खूण आहे. आपल्या गावांत कितीतरी बायका हे करतात आणि लपवतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय होता. त्यात ऑपरेशनने जठरातलं आम्ल कमी झालं, खाणं कमी झालं, आणि पाळी नियमित होऊन दर महिन्याला रक्त जाऊ लागलं. तीन बाजूंनी लोह घटतं. लोह कमी असलं की थकवा येतो, आणि थकलेलं शरीर झटपट ऊर्जा म्हणून गोड मागतं.

नुसतं हिमोग्लोबिन तपासून थांबू नका, फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी करा. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही साठा रिकामा असू शकतो. सोबत बी१२ आणि डी जीवनसत्त्व. पाळी येणाऱ्या बायकांना या ऑपरेशननंतर रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह लागतं. पाकिटावर एलिमेंटल आयर्नचा (गोळीतल्या प्रत्यक्ष लोहाचा) आकडा असतो तो वाचा. बऱ्याच मल्टिव्हिटॅमिनमध्ये तो फार कमी असतो. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत किमान दोन तासांचं अंतर, आणि लोहाच्या गोळीच्या आगेमागे चहा नको. आपल्याकडे सकाळची गोळी चहासोबतच घेतली जाते, ती वाया जाते. लिंबूपाण्यासोबत घ्या. जास्त रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना वेगळं दाखवा.

भुसावळ_जंक्शन

पाळीचा विषय निघालाच आहे तर एक धोक्याचं सांगते. मी औषधांच्या दुकानात काम करते. पोटात कळा आल्या की मुली सर्रास मेफ्टाल स्पास मागतात. त्यात मेफेनॅमिक ॲसिड असतं. बायपास झालेल्यांनी असली वेदनाशामकं, म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक हीसुद्धा, टाळायची असतात, जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. स्लीव्हवाल्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पॅरासिटामॉल आणि गरम पाण्याची पिशवी. दुकानात गोळी मागताना "माझं पोटाचं ऑपरेशन झालंय" हे आधी सांगा, आम्हाला बघून कळत नाही.

आणि वरच्या पोटात सतत खा खा होत असेल, खाल्ल्यावर बरं वाटत असेल, तर ती भूक नसून आम्लपित्त किंवा अल्सरही असू शकतो. महिनाभर टिकणारी अशी जळजळ कॅलेंडरवर ढकलू नका.

कापूसवेचणी

मी पुरुष आहे, इथे लिहावं की नाही माहीत नाही. पत्नीचं बायपास गेल्या वर्षी झालं. पाळीच्या आधी ती चिडते, रडते, लपून खाते. मी "नको खाऊस" म्हटलं की अजून लपवते. मी नेमकं काय करू?

तापीकाठ

लिहिलंत ते चांगलं केलंत भाऊ. "नको खाऊस" हे वाक्य पूर्ण बंद करा. तिच्या ताटाकडे बघणं बंद करा. त्या आठवड्यात स्वयंपाकाची एक वेळ तुम्ही घ्या, चार अंडी उकडून ठेवणं कुणालाही जमतं. फरसाणची पुडी घरी आणू नका, स्वतःसाठीसुद्धा नाही. आणि वजनकाटा तेव्हा बाजूला ठेवा. पाळीच्या आधी अंगात पाणी साठून एखाद-दोन किलो जास्त दिसतं, ती चरबी नसते, पण तो आकडा पाहून बाई खचते.

लपून खाणं आणि रडणं पाळीनंतरही थांबत नसेल, किंवा ती जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे सोबत जा. हे खाण्यापुरतं राहिलेलं नसतं.

ज्वारीचं_कणीस

एक राहिलं. वजन उतरल्यावर बीज सुटू लागतं, म्हणजे वर्षानुवर्षं मूल न झालेल्या बाईलाही अचानक दिवस राहू शकतात. ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्या पूर्ण भरवशाच्या राहत नाहीत, तांबी किंवा दुसरा उपाय विचारा. भूक वाढलीय आणि तारीख उलटून गेलीय, तर आधी घरच्या घरी चाचणी करा.

अखाजीचा_झोका

कानबाईचं कुणी सांगेल का? घरात म्हणतात, पाळी पुढे ढकलायची गोळी घे.

ज्वारीचं_कणीस

ती गोळी प्रोजेस्टेरॉनसारखंच काम करते. काहींना तिच्याने फुगल्यासारखं वाटतं, भूक वाढते, आणि तुम्हाला ज्या दिवसांचा त्रास आहे तेच दिवस लांबू शकतात. तुमचा रक्तस्रावही जास्त आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नका. माझं मत विचाराल तर एका सणासाठी घेऊच नका, कानबाई पुढच्या श्रावणातही वसणार आहे.

कढी_फुनके

रोटांचं मी सांगते. ते घरच्यांनीच संपवायचे असतात, त्यामुळे पानात पडणारच. सकाळीच दोन अंडी किंवा वाटीभर मटकी खाऊन घे, देवीसाठी उपास असेल तर दही-शेंगदाणे. मग रोटाचा प्रसाद दोन घास, तोही तूप-गुळाशिवाय. सासूबाईंना आदल्या दिवशीच सांगून ठेव, "आई, मी प्रसाद घेईन, पण पान वाढू नका, गोडाने मला चक्कर येते." पंक्तीत नाही म्हटलं की आग्रह वाढतो. आदल्या दिवशी चुलीपाशी सांगितलं की त्याच तुझी बाजू घेतात.

अखाजीचा_झोका

रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन १२.१, म्हणजे काठावर ठीक. फेरिटिन ८, म्हणजे फारच कमी. डॉक्टरांनी लोहाची गोळी बदलली, ती पोटाला सोसली नाही तर शिरेतून देऊ म्हणाले. गोड खाल्ल्यानंतर एकदा साखर मोजली तर ५८ निघाली, ते पाहून त्यांनी गूळ पूर्ण बंद करायला सांगितला आणि खाण्याच्या वेळा लिहून दिल्या. कॅलेंडरचा फोटो त्यांनी फाइलला लावून घेतला.

सासूबाईंशी बोलले. बर्फाचं सांगितलं तेव्हा त्या जरा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "मी बी माटी खाये." त्यांचंही फेरिटिन करायला या सोमवारी दोघी जातोय. तापीकाठ, निळ्या टिकल्या या महिन्यात आत्तापर्यंत चार, सगळ्या लालच्या आधी. कढी_फुनके, फुनके वाफवताना ते फुटतात, डाळ जास्त बारीक वाटली गेली का?

कढी_फुनके

हो, जाडसरच ठेव, आणि भिजवलेल्या डाळीचं पाणी पूर्ण निथळू दे. मुटका घट्ट दाबून वळ. तरी फुटले तर चमचाभर बेसन घाल.